बॉल हलला नव्हता

५ जानेवारी, रविवार

कोचने सांगितलं, रोज लिहा. किती बॉल मारले, किती सरळ गेले, कुठे चुकलं. म्हणून ही वही. पण आकडे सुरू करण्याआधी बाकीचं एकदा लिहून टाकतो, म्हणजे डोकं मोकळं होईल.

काल लॅबमधून बाहेर पडलो. रजेवर नाही, कायमचा. एकवीस वर्षं दात बनवले. डॉक्टर माप पाठवतात, आम्ही कॅप बनवतो, कवळी बनवतो. अर्ध्या शहराच्या तोंडात माझं काम आहे आणि माझं तोंड कोणाला माहीत नाही. माझा हिस्सा भागीदाराने घेतला. कागदावर सही करताना तो म्हणाला, "डोकं फिरलंय का तुझं? रविवारचा खेळ रविवारी खेळ ना. चव्वेचाळिसाव्या वर्षी कोण गोल्फ खेळाडू होतं?"

"अकरा वर्षं नुसत्या रविवारी खेळून क्लबात पहिला आलो," मी म्हणालो. "रोज खेळलो तर कुठे जाईन, विचार कर."

"घरी जाशील," तो म्हणाला. आम्ही दोघंही हसलो.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये पात्रता स्पर्धा आहे. दोन दिवस, रोज अठरा होल. पहिल्या बारा जणांना व्यावसायिक खेळाडूचं कार्ड मिळतं. माझ्या हातात सव्वा वर्ष आहे. सव्वा वर्ष पूर्ण द्यायचं, दुसरं काही करायचं नाही.

बायकोला सगळं समजावून सांगितलं. ती सर्जरीच्या वॉर्डात नर्स आहे, ऐकून घ्यायची तिला सवय आहे. शेवटी तिने एवढंच विचारलं, "आणि नाही जमलं तर?"

"जमेल."

"मी ते नव्हतं विचारलं," ती म्हणाली आणि डबा उचलून ड्यूटीला गेली. तिची ना नाही. हे फार मोठं आहे माझ्यासाठी.

२७ जानेवारी

चारशे बॉल. डाव्या तळव्याला दोन फोड, एक फुटला.

कोच एकतीस वर्षांचा आहे आणि मला काका म्हणतो. दोनदा सुचवून पाहिलं, सुधारत नाही. आज बॉल गोळा करता करता म्हणाला, "काका, राग मानू नका. हे सगळं कशासाठी चाललंय?"

मी त्याला खरं ते सांगितलं. फटका बरोबर बसला की हाताला काही कळतच नाही. झटका नाही, आवाजही वेगळा. वर बघावं तर बॉल निघालेला असतो, जिथे जायला हवा तिथेच. एकवीस वर्षं मी दुसऱ्यांच्या मापाप्रमाणे तासत बसलो. सगळ्यात चांगलं काम कोणतं, तर जे तोंडात गेल्यावर जाणवत नाही ते. हा एकच फटका असा आहे की तो माझा असतो आणि मला दिसतो. तो रोज, पाहिजे तेव्हा यायला हवा.

कोचने टोपली उचलली. मग म्हणाला, "तो फटका रविवारीसुद्धा बसतो की, काका."

माझा निश्चय किती पक्का आहे ते तपासत असणार.

१५ मार्च

पन्नासपैकी एकतीस सरळ. वाईट.

दुसऱ्या गावच्या हॉस्पिटलात मुख्य नर्सची जागा निघाली आहे. राहायला क्वार्टर, रात्रपाळी नाही. बायकोने जाहिरात कापून फ्रिजवर लावली होती. मी म्हणालो, "पुढच्या मार्चनंतर बघू. तिथे शंभर किलोमीटरात मैदान नाही."

"जागा पुढच्या मार्चपर्यंत थांबत नसते," ती म्हणाली. तिचंही बरोबर आहे. संध्याकाळी फ्रिजवर कागद नव्हता. समजूतदार आहे ती.

२ जून

घरात वातावरण जड आहे. बायकोकडून वॉर्डात चूक झाली. एका पेशंटचं इंजेक्शन तिने शेजारच्या खाटेवरच्याला दिलं. त्याला काही झालं नाही, थोडा वेळ गुंगी आली इतकंच. पण तिने स्वतः फॉर्म भरला, स्वतःच्या नावाने, वेळेसकट. आता तिला पंधरा दिवस घरी बसवलंय आणि वॉर्डाचा चार्जही काढून घेतलाय.

मी विचारलं, "कोणी बघितलं होतं का?"

"नाही."

"मग?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "मग काय?" म्हणाली.

मी विषय वाढवला नाही. तिला आता शांततेची गरज आहे. आणि खरं सांगायचं तर मलाही. या महिन्यात स्टिकचा स्विंग नुकताच सुटा व्हायला लागलाय.

पन्नासपैकी अडतीस.

११ ऑगस्ट

बरेच दिवस काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नाही, फक्त बॉल. कधीकधी सरावाच्या मैदानावर सकाळी सातला मी एकटाच असतो. टोपलीत दोनशे बॉल असतात, ते मारायचे, मग स्वतःच मारलेले बॉल आणायला चालत जायचं. आज निम्म्या वाटेत थांबलो. उजाडलेल्या मैदानावर एक माणूस आपणच फेकलेलं उचलत फिरतोय, असं कोणी लांबून बघितलं तर काय म्हणेल? पाच मिनिटं तसाच उभा होतो. मग उचलले.

घरी नळ गळत होता. बायकोने प्लंबर बोलावला. जेवताना सांगत होती, "तो म्हणाला, मॅडम, तुम्ही एकट्याच राहता का?" ती हसली. मीही हसलो.

१९ सप्टेंबर

मैदानावर एक पोस्टमन येतो. खराखुरा पोस्टमन, टपाल वाटून झालं की खाकी पँटवरच. वय एक्केचाळीस. पात्रता स्पर्धेत चारदा खेळला, चारदा थोडक्यात राहिला. हात सुरेख आहे, मान्य करायला हवं.

मी विचारलं, "नोकरी सोडायचं मनात नाही आलं कधी?"

"सोडली तर पत्रं कोण टाकणार?" तो म्हणाला. "पहाटे एक तास मारतो, संध्याकाळी एक तास. तेवढंच."

वाईट वाटलं. अर्धं मन दुसरीकडे ठेवलं की हा खेळ जवळ येत नाही. चार वेळा राहिला याचं कारण त्याला दिसत नाही. मनात आलं, बोललो नाही.

८ नोव्हेंबर

कोच आज सरळ बोलला. "काका, मेहनतीत तुम्ही माझ्या सगळ्या पोरांच्या पुढे आहात. पण खेळ जिथे पोचायचा तिथे पोचलाय. आता वाढेल तो एखाद-दुसऱ्या फटक्याने. माझं ऐकाल तर अर्धा दिवस लॅबमध्ये जा. हात तरी दुसरं काही करतील."

आधी राग आला. नंतर लक्षात आलं, एखाद-दुसरा फटका म्हणजेच तर सगळं. कार्ड मिळणारा आणि न मिळणारा यांच्यात एवढंच अंतर असतं. तो नकळत आशेचंच बोलून गेला.

रोजचे बॉल पाचशे केले.

१ डिसेंबर

आज काही नाही.

२ डिसेंबर

काल लिहिलं नाही ते लिहितो. काल पहिल्यांदा वाटलं की चूक झाली. बायको ड्यूटीवरून आली, बूट न काढता खुर्चीत बसली आणि तशीच झोपली. आता ती दोन जणींच्या पाळ्या करते, हे मला माहीत आहे. मला तिच्या पायातले बूट काढता आले असते. मी बघत उभा राहिलो, कारण ग्लोव्ह घालून आरशासमोर पकड बघत होतो आणि पकड सोडायची नव्हती. हे मी खरंच केलं.

आज चारशे सत्तर.

२२ फेब्रुवारी

कोचला स्पर्धेच्या दिवशी दुसऱ्या विद्यार्थ्यासोबत जायचंय. बॅग धरायला माणूस हवा होता. बायको आपणहून म्हणाली, "मी धरते. दोन दिवस रजा टाकते." मला भरून आलं. अकरा वर्षांत ती कधी मैदानावर आली नव्हती.

तिला सांगितलं, तुझं काम एवढंच, मोजायचं आणि गप्प राहायचं. बॅग धरणाऱ्याने बोलायचं नाही, माझं लक्ष तुटतं. तिने मान डोलावली. नियमांचं पुस्तक तिने ड्यूटीच्या मधल्या वेळेत वाचून काढलंय. पेन्सिलीने खुणासुद्धा केल्यात. मी स्वतः ते पूर्ण कधी वाचलेलं नाही.

२० मार्च

अठरा होल त्र्याहत्तर फटक्यांत! सहावा आहे. पोस्टमन माझ्याच गटात, त्याचे चौऱ्याहत्तर. बायकोने बॅग अठरा होल एकटीने वाहिली, एकदा कुरकुर नाही. गाडीत म्हणाली, "तो आवाज मला कळला. तू म्हणतोस तो. नवव्या होलवर." मी तिचा हात धरला. खूप दिवसांनी असं बसलो होतो.

२१ मार्च

कार्ड मिळालं. बारावा आलो.

नीट लिहितो, कारण हा दिवस पुन्हा येणार नाही. सुरुवात वाईट झाली, मग सावरलो. पंधराव्या होलपर्यंत हिशेब असा होता की उरलेले तीन होल नीट खेळलो तर आत, एक जरी जास्तीचा गेला तर काठावर. सोळाव्याला बॉल डावीकडे उंच गवतात गेला. पोस्टमन पलीकडच्या बाजूला स्वतःचा बॉल शोधत होता, तिसरा खेळाडू पुढे. माझा बॉल गवतावर टेकलेला होता, तसा बरा होता. मी मागे स्टिक टेकवली. गवत हललं. वारा होता. गवत ओलं असलं की ते आपलं आपण बसतं.

बायको म्हणाली, "थांब ना जरा."

मी वर बघितलं. तिला बोलायचं नाही असं सांगितलं होतं.

"काही झालं का?" ती म्हणाली.

"काही नाही."

"नक्की?"

"मागे सर, सावली पडतेय."

ती मागे सरली. फटका उत्तम बसला. सोळा, सतरा, अठरा, तिन्ही नीट. एकूण एकशे एकोणपन्नास.

नियम असा आहे की आपल्यामुळे बॉल जागचा हलला तर आपणच सांगायचं आणि एक फटका वाढवून घ्यायचा. प्रत्येकाजवळ पंच उभा नसतो. पण ते हलला तर. बॉल हलला नव्हता.

गुण लिहायच्या माझ्या कार्डावर पोस्टमनची सही असते, त्याच्या कार्डावर माझी. त्याने माझं कार्ड दोनदा वाचलं, सही केली आणि हात पुढे केला. तो एकशे पन्नासवर, तेरावा. "एका फटक्याने गेलं," तो म्हणाला. "पण तुमच्याकडे गेलं. त्याचं वाईट नाही. तुम्ही याच्यासाठी सगळं सोडलंत."

गाडीत बायको खिडकीबाहेर बघत होती. थकली असणार, दोन दिवस बॅग वाहिली.

२२ मार्च

बॉल हलला नव्हता. हलला असता तर मला दिसला असता.

२८ मार्च

भागीदाराने लॅब तासभर बंद ठेवून सगळ्यांना गोळा केलं, टाळ्या झाल्या. "मी म्हणालो होतो घरी जाशील, शब्द मागे घेतो," म्हणाला. माझ्या जुन्या टेबलावर आता दुसरा माणूस बसतो. चांगलं तासतो. मी त्याचं काम हातात घेऊन बघितलं आणि परत ठेवलं.

बायको बोलते, पण कामापुरतं. पीठ संपलंय, मीटरवाला आला होता. मी विचारलं, "खूश नाहीस का?" तर म्हणाली, "तू आहेस का?" मी हो म्हणालो.

१२ एप्रिल

व्यावसायिक म्हणून पहिली स्पर्धा. शेवटून पहिला.

पहिल्या होलपासून सुरू झालं. स्टिक बॉलमागे टेकवायची आणि नजर बॉलवर खिळायची. हलतोय का? मी मागे व्हायचो. पुन्हा उभा राहायचो. पुन्हा मागे. चौथ्या होलवर पंचाने वेळेबद्दल समज दिली, नवव्यावर दोन फटक्यांचा दंड. सोबतचे खेळाडू जमिनीकडे बघत उभे होते. एकाने हळूच घड्याळ बघितलं.

१४ एप्रिल

कोचला दाखवलं. तो सगळीकडून फिरून बघत होता. मग म्हणाला, "काका, स्विंगला काही झालेलं नाही. पण बॉलकडे असं काय बघताय? तो काय पळून जाणार आहे?"

मला हसायला हवं होतं.

बोलता बोलता त्याने सांगितलं की पोस्टमन आता मैदानावर येत नाही.

१९ एप्रिल

आज विचारलं. बायको गॅलरीत गणवेश वाळत घालत होती.

"त्या दिवशी सोळाव्याला तू काही पाहिलंस का?"

ती चिमटा लावत राहिली. "काळा ठिपका वर होता," ती म्हणाली. "तू बॉलवर पेनने काढतोस तो. तू स्टिक टेकवलीस आणि ठिपका बाजूला गेला."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. दोनदा विचारलं." तिने दुसरा चिमटा घेतला. "मग वाटलं, पुढच्या होलला सांगशील. मग वाटलं, सही करताना सांगशील. तो माणूस तुझा हात हातात घेऊन उभा होता तेव्हा तर नक्कीच. मग गाडीत. मग आठ दिवस."

"आणि आता?"

"आता मी वाट बघत नाही."

मी म्हणालो, सव्वा वर्ष घातलं होतं मी त्यात. ती म्हणाली, "मी पण." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

बॉल हलला होता. अर्ध्या वळणाएवढा. मी पाहिलं होतं. तेव्हाच पाहिलं होतं.

२१ एप्रिल

स्पर्धेच्या समितीला पत्र लिहिलं. चार ओळी. पाच वेळा फाडलं, कारण प्रत्येक वेळी वाऱ्याचा उल्लेख येत होता.

३० एप्रिल

उत्तर आलं. कार्ड रद्द, दोन वर्षं बंदी. निकाल बंद झालाय, त्यामुळे तेराव्याला जागा देता येणार नाही. नियमाप्रमाणे मी तो फटका धरला असता तर आमचे दोघांचे गुण सारखे झाले असते आणि बाराव्या जागेसाठी दोघांना एक होल जास्तीचा खेळावा लागला असता. हेही त्यांनी लिहिलंय. मला ते माहीत होतं.

२ मे

सकाळी टपाल कार्यालयात गेलो. पोस्टमन भिंतीवरच्या लाकडी खणांसमोर उभा राहून पत्रं लावत होता. खणाकडे न बघता हात जातो, पत्र बरोबर पडतं. मी त्याला सगळं सांगितलं. तो थांबला नाही.

"सोळाव्याला मी कुठे होतो?" त्याने विचारलं.

"पलीकडे. तुमचा बॉल शोधत होतात."

"हां. सापडला होता." आणखी पाचसहा पत्रं गेली. "तो जादाचा होल झाला असता तर मी हरलोही असतो. सांगता येत नाही."

"हो."

"पण खेळलो असतो."

 शेवटी विचारलं, मैदानावर का येत नाही. तो म्हणाला, "मला वाटलं, हा माणूस सगळं सोडून आला आणि पोचला. मी काहीच सोडलं नाही, म्हणजे माझं प्रेमच कमी असणार. चौदा वर्षं मी स्वतःला फसवतोय असं वाटलं. स्टिक भाच्याला दिल्या." त्याने पिशवी खांद्याला लावली. "आता निघतो. उशीर झाला की लोक दारात उभे असतात."

त्याच्या मागोमाग रस्त्यापर्यंत गेलो. त्याने पुन्हा वळून बघितलं नाही.

९ मे

भागीदाराने लॅबमध्ये घेतलं, पगारावर. कोपऱ्यातलं टेबल. सव्वा वर्षात हात बिघडलेला नाही, उलट जास्त स्थिर झालाय. एवढं मात्र खरं की या शहरात माझ्यापेक्षा सरळ बॉल मारणारे फार तर दहा जण असतील. ते मी मिळवलं, कोणी दिलं नाही. पण ते ठेवायचं कुठे, कळत नाही. दुपारी प्लास्टर सुकेपर्यंत हात मोकळे असतात, तेव्हा अवघड जातं.

१७ मे, रविवार

बायकोला त्या दुसऱ्या गावच्या हॉस्पिटलात जागा मिळाली. मुख्य नर्स नाही, साधीच. क्वार्टर आहे. आज सकाळी गेली.

भांडण झालं नाही. तिने दोन बॅगा भरल्या, किल्ली टेबलावर ठेवली, अडकणारा गॅस कसा बंद करायचा ते पुन्हा एकदा दाखवलं. खाली टॅक्सी उभी होती. दाराशी आल्यावर म्हणाली, "पत्र लिहिलंस ते बरं केलंस. मला वाटलं नव्हतं लिहिशील."

"मग राहा ना."

तिने बॅगा खाली ठेवल्या. "एक विचारू? मी राहावं म्हणून नव्हतं ना लिहिलंस?"

नाही म्हणणार होतो. तोंड उघडलंही होतं. नाही म्हटलं असतं तर कदाचित ती दारातून आत आली असती. निदान तिच्या चेहऱ्यावर तसं काहीतरी होतं.

"थोडं त्यासाठीच होतं," मी म्हणालो.

"थोडं?"

"अर्ध्याहून जास्त."

तिने हळूहळू मान हलवली. रागाने नाही. मग वाकून बॅगा उचलल्या. मी हात पुढे केला तर म्हणाली, "राहू दे, जड नाहीत."

तिच्या चपलांचा आवाज तीन मजले खाली जाताना ऐकू आला. मधे एकदा थांबला. मी कठड्याला धरून उभा होतो. मग पुन्हा सुरू झाला, आणि खाली टॅक्सीचं दार लागलं.